लोकरीचं तेल

मशीनवाला निघून गेला आणि जेनेच्या मधोमध एक चौकोन मागे राहिला. पोराच्या पाटीएवढा, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि स्वच्छ. इतका स्वच्छ की जगदेवीला त्याच्याकडे बघवेना. जेन म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण. घोंगडी पांघरायची, जेन खाली घालायची. शेजारणी तिला कार्पेट म्हणत आणि जगदेवीही चारचौघींत कार्पेटच म्हणे. गुलबर्ग्यातल्या या भाड्याच्या घरात ती हॉलभर पसरलेली होती आणि तिचा रंग काळा आहे, असं सगळेच इतकी वर्षं धरून चालले होते. चौकोनाने ते एका दुपारीत खोटं पाडलं. आतला रंग करडा होता, आणि करड्यात पांढऱ्या-तपकिरी बारीक धारा होत्या. आईने चातीवर सूत काढताना दोन रंगांची लोकर बोटांनी कशी एकत्र ओढली होती, ते आता सरळ दिसत होतं. आईची बोटं आठवायला लागली तशी जगदेवी उठली आणि उगाचच खिडकी उघडून आली.

खरं तर त्या माणसाला तिने घरात घ्यायलाच नको होतं. गळ्यात टाय, कपाळावर घाम, तोंडात साखर. अलीकडे असली माणसं दारोदार फिरायला लागली होती. कुणी पाणी गाळायचं यंत्र दाखवी, कुणी धूळ ओढायचं. 'घेऊ नका मॅडम, नुसतं बघा,' म्हणत हा आत आला आणि ती हो-नाही म्हणेपर्यंत त्याने नळी जोडली, फेस सोडला, घरघर सुरू केली. मग यंत्राचं पोट उघडून आतलं सगळं एका पांढऱ्या फडक्यावर ओतलं. काळी राड, केस, वाळू, खडूची भुकटी, भाकरीचा चुरा. "बघा मॅडम, ह्याच्यावर तुमच्या घरची माणसं बसतात," तो म्हणाला, आणि त्या राडीकडे अशा कौतुकाने बघू लागला की जणू ती त्यानेच पिकवली होती. जगदेवीला मात्र लाज वाटली. आपण उघड्यावर अंघोळ करतोय आणि परका माणूस दारात उभा आहे, तसली लाज. "मालक आल्यावर विचारते," एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि तो हसत हसत यंत्र उचलून शेजारच्या दाराकडे गेला.

शेजारच्या दारात नागरत्ना राहायची, आणि या सगळ्याची सुरुवात तिच्यापासूनच झाली होती. संध्याकाळी जगदेवी हॉलमध्ये पोरांची गणिताची शिकवणी घेई, त्यात नागरत्नाचा मुलगाही येई, आणि सगळी पोरं जेनेवर मांडी घालून बसत. आदल्या आठवड्यात नागरत्ना शेंगाचटणीची वाटी घेऊन आली. वाईट बोलायला आलेलं माणूस वाटी घेऊन येत नाही, हे जगदेवीलाही कळत होतं. नागरत्ना बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाली, "राग मानू नका अक्का, पोरगं तुमच्याकडनं आलं की अंगाला मेंढराचा वास मारायलाय. आमच्याकडं सांजच्याला पूजेचं असतंय ना, म्हणून म्हनले." जगदेवी हसली. "व्हय की, बघते काहीतरी," म्हणाली. दार लावलं आणि वाटी हातात तशीच धरून उभी राहिली, आणि तिला बिदरच्या वसतिगृहातली खिडकी आठवली.

ती खिडकी म्हणजे काय होतं? काही नव्हतं. सुट्टी संपवून गावाहून, संतपूरहून ती परत आली, ट्रंक उघडली, की खोलीतली कुणीतरी मुलगी काही न बोलता उठायची आणि खिडकी उघडायची. एवढंच. कुणी चिडवलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. नुसती कडी काढल्याचा आवाज. जगदेवी न्हाणीत जाऊन केसांना लिंबू चोळायची, झोंबेपर्यंत चोळायची. तिचा बाप बिराप्पा महिन्या-दोन महिन्यांनी कळप बिदरच्या बाजूला आला की तिला भेटायला यायचा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फाटकाशी उभा राहायचा, पण फाटकासमोर कधी नाही. कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या, एकदा तर पार मागच्या भिंतीकडे. म्हाताऱ्याला सरळ दारात उभं राहता येत नाही का, म्हणून ती तेव्हा चिडायची. लग्न होऊन गुलबर्ग्याला आल्यावर, गच्चीवर कपडे वाळत घालताना वारा फिरला आणि ओला पदर तोंडावर आला, तेव्हा एकाएकी तिला उमगलं. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहत होता. आपला वास मुलींकडे जाऊ नये म्हणून. मेंढक्याला वारा कळतो. मुलींची नाकंही त्याला कळली होती. त्या दिवशी तिने गच्चीवरच बसून रडून घेतलं होतं.

आता तोच बाप तिच्या घरात होता, आणि त्याला वाऱ्याचं भान उरलं नव्हतं. डोळ्यांत फुलं पडलेली, डोक्यात धुकं. दिवसभर तो गॅलरीत उन्हाला बसे आणि ऊन उतरलं की भिंतीला हात लावत आत येऊन जेनेवर बसे. मशीनवाला येऊन गेला त्या संध्याकाळीही तसाच आला. बसला. तळहाताने शेजारची जागा चाचपायची त्याला सवय होती. बसल्या जागी तो लोकर चाचपत राही, कुणी झोपलेल्या जनावराच्या अंगावरून हात फिरवावा तसा. हात फिरत फिरत चौकोनापाशी आला आणि थांबला. परत फिरला, परत थांबला. "जगू," तो म्हणाला, "हितलं कुणी कातरलं गं?"

"कातरलं न्हाई अप्पा. धुतलं."

"एवढंच कामून धुतलं? आजारी हाय का?"

तिला हसू आलं, आणि बरंही वाटलं. कारण त्याने तिला जगू म्हटलं होतं. घरात इतरत्र कुठेही तो तिला ओळखत नसे. गॅलरीत ती चहा घेऊन गेली तर तो तिला पार्वतम्मा म्हणे, जी त्याची कधीच वारलेली बहीण होती. न्हाणीच्या दारात कुणीतरी नर्स समजे. पण जेनेवर बसला, मांडीखाली ती खरबरीत, किंचित तेलकट लोकर आली, तो जुना आंबूस वास नाकात गेला, की त्याचा चेहरा जागेवर येई. जगू, भाकर टाकलीस का. जगू, सुनील्याचा फोन आलता का. सुनीलकुमार, तिचा भाऊ, हैदराबादेत एका कारखान्याच्या गेटवर उभा राहायचा आणि एका खोलीत चौघं मिळून राहायचा. बापाला ठेवणार कुठे? म्हणून आई पद्माबाई गेल्यावर संतपूरच्या घराला कुलूप लागलं आणि बिराप्पा लेकीकडे आला.

तो आला तेही सहजासहजी नाही. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, ही त्याची रीत. बाकीचे लोक नातवंडं झाली की ही अट सोडतात. जगदेवीची लेक भाग्यलक्ष्मी बेंगळूरला शिकायला गेली, तरी बिराप्पाने सोडली नव्हती. आधी कधी आलाच तर फडक्यात भाकरी बांधून आणायचा आणि पायरीवर बसून खायचा. जगदेवीचा नवरा अनिलकुमार, लाइट ऑफिसातला साधा माणूस, त्याला हे बघून मेल्याहून मेल्यासारखं होई. कायमचं राहायला यायची वेळ आली तेव्हा बिराप्पा बसमधून उतरला तो डोक्यावर जेनेची वळकटी घेऊन. हॉलमध्ये त्याने ती स्वतःच्या हाताने पसरली, तिच्या मधोमध बसला आणि म्हणाला, "माझी जागा मी आणलीया. आता वाढ." त्याच्या हिशेबाने तो लेकीच्या घरात बसलेला नव्हताच. ती जेन त्याच्या शेवटच्या कळपाची होती. गायरानं गेली, पडीक रानांत सोयाबीन आलं, खतासाठी शेतात कळप बसवायला शेतकरी बोलवेनासे झाले, पोरगा शहराला गेला. तेव्हा त्याने एकदा सगळी मेंढरं कातरून घेतली आणि मग ट्रकवाल्याच्या हवाली केली. पद्माबाईने ती लोकर कातली, शेजारच्या गावच्या विणकराने चिंचोक्याची खळ देऊन विणली. ट्रक गेला त्या दिवशी बिराप्पा जेवला नाही म्हणतात. पण जेन विणून आली तेव्हा त्याने तिच्यावर झोपून बघितलं आणि "सगळी हायत हितं," असं म्हणाला, हे जगदेवीने स्वतः ऐकलं होतं. मग ही जेन धुवायची म्हणजे काय काय धुवायचं, हा हिशेब तिला काही केल्या जुळेना.

पण चौकोन तर पडला होता. तो आता बुजवता येत नव्हता. एक तर सगळं त्याच्यासारखं करायचं, नाहीतर रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसायचं की बघा, बाकीचं किती घाण आहे. अनिलकुमार म्हणाला, "ड्रायक्लीनला टाक की." सुपर मार्केटातल्या ड्रायक्लीनवाल्याकडे ती जेनेच्या कडेचा एक धागा घेऊन गेली. त्याने तो हुंगला, काउंटरवरून परत सरकवला आणि म्हणाला, हे हैदराबादला पाठवावं लागेल, कधी येईल सांगता येत नाही. तेवढे दिवस अप्पांनी कुठे बसायचं? नागरत्नाने सांगितलं, खायचा सोडा भुरभुरवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून काढायचा, वास जातोय. जगदेवीने एका कोपऱ्यात करून बघितलं. कोपरा पांढुरका झाला आणि वास जिथल्या तिथे राहिला. मशीनवाल्याचा नंबर फोनपाशी चिकटवलेला होता, पण त्याने ओतून दाखवलेली राड आठवली की तिचा हात फोनकडे जाईना. शेवटी एका संध्याकाळी, पोरं गेल्यावर, ती बापाशेजारी जेनेवर येऊन बसली. लोकरीचं या घरात कुणाला कळत असेल तर ते त्यालाच.

"अप्पा, ही धुवायची म्हणते. कशी धुवू?"

त्याच्या चेहऱ्यावरचं धुकं असं हटलं की तिला धक्काच बसला. तो ताठ बसला. "मांजरेला पाणी हाय का? वाहतं पाणी बघ. थांबल्याल्या पाण्यात घाण तितल्या तितंच फिरती."

"आन साबण?"

"साबण कामून? तेल जातंय त्यानं. ऊन पाणी तर दाखवूच नगं. हातानं चोळायचं. डोक्याकडनं सुरू कर, शेपटाकडनं न्हाई, बुजतंय. पाणी पोटापतोर आलं की थांब. गाभण आसंल तर धुवूच नगं." तो थांबला, विचार करून म्हणाला, "आन पिल्लं येगळी बांध. धुतल्याल्या दिवशी आई पिल्लाला वळखत न्हाई. वास जातोय न्हवं? पिल्लू लुचायला आलं की लाथ मारती."

जगदेवीच्या लक्षात आलं. तो जेन नाही, मेंढरं धुवायचं सांगत होता. कातरणीच्या आधी नदीवर नेऊन धुतात ते. त्याला सांगावं का, की अप्पा, ही मेंढरं नव्हेत? पण इतक्या दिवसांत तो इतकं सलग, इतकं शहाण्यासारखं बोलला नव्हता, आणि तिला ते तोडवेना.

"मंग?" तिने विचारलं.

"मंग सावलीला सोड. लगीच कात्री लावू नगंस. अंगातलं तेल परत लोकरीत येतंय. बोटाला चिकट लागलं की समज, आलं. घाई करू नगंस जगू, त्याचं त्ये येतंय."

अंगातलं तेल. जेनेला अंग कुठे आहे, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिने तो बाजूला सारला, कारण बाकीचं सगळं पटण्यासारखं होतं: थंड पाणी, साबण नाही, सावली. आपल्याला हवं तेवढं घ्यायचं आणि नको ते म्हाताऱ्याच्या डोक्यावर सोडायचं, हे आपण सगळेच करतो. रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. अनिलकुमारने वळकटी गच्चीवर चढवून दिली आणि तो बाजाराला गेला. बिराप्पा गॅलरीत उन्हात बसला होता. जगदेवीने पदर खोचला, जेन पसरली, पाइप सोडला आणि बसून हाताने चोळू लागली. डोक्याकडनं. म्हणजे कुठून, हे तिला कळेना, मग तिने आईने ज्या बाजूने विणायला सांगितली असेल असं वाटलं त्या बाजूने सुरुवात केली. काळं पाणी निघालं. मग आणखी काळं. मग त्या ओल्या लोकरीतून वास उठला.

ओल्या लोकरीचा वास ती विसरली होती. कोरड्या जेनेचा वास म्हणजे नुसती आठवण होती. हा वास जिवंत होता. सगळा कळप उठून उभा राहावा तसा तो गच्चीभर पसरला, आणि जगदेवी एकदम मांजरेच्या काठावर होती. अप्पा कमरेइतक्या पाण्यात, एका हाताने मेंढीची मान धरलेली, दुसऱ्याने पाठ चोळणारा. आई काठावर पिल्लं अडवून. पाण्यातून बाहेर आलेल्या मेंढ्या अंग झाडत, थुईथुई पाणी उडत, आणि दुपार कलली की तो गोंधळ: पिल्लं सुटायची, आयांकडे धावायची, आया हुंगून बाजूला व्हायच्या. सगळं रान बें बें करत राहायचं. मग अप्पा एकेक पिल्लू उचलायचा, त्याच्या पाठीला आईच्या कासेतलं दूध आणि अंगचा मळ चोळायचा, तिच्या नाकापुढे धरायचा. हुंग गं, तुझंच हाय. त्याला कधी चुकल्याचं तिने पाहिलं नव्हतं. लहान जगदेवीला त्या बेंबाटण्याने रडू यायचं आणि आई म्हणायची, गप, सकाळपतोर वळखतील.

शेजारच्या इमारतीत कडी वाजली. जगदेवीने वर पाहिलं. नागरत्ना नव्हती, कुणी अनोळखी बाई होती, तिने नाकाला पदर लावला होता आणि ती आपली खिडकी बंद करत होती. बोलली काही नाही. मग तिच्या खालची खिडकी बंद झाली. जगदेवी ओल्या हातांनी तशीच बसून राहिली, आणि तिच्या पोटातून जे वर आलं ते बायको, आई, शिकवणीच्या बाई अशा कुणाचं नव्हतं. ते केसांना लिंबू चोळणाऱ्या मुलीचं होतं. ती उठली. खाली जाऊन बंब पेटवला. लोकरीला ऊन पाणी घालायचं नाही हे तिला कालच बापाने सांगितलं होतं, आणि त्याच्याही आधी, चालायला येण्याच्या आधीपासून ते तिला माहीत होतं. धनगराच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. तरी तिने कढत पाण्याच्या बादल्या जिन्यावरून वर आणल्या, कपड्याच्या पावडरीचा पुडा उलटा केला आणि ब्रश घेऊन घासायला लागली. फेस आला, राखाडी, मग पांढरा. हाताखाली लोकर आवळत गेली. तिला ते कळत होतं. धागे एकमेकांना धरत होते, कडा आत येत होत्या, मऊपणा घट्ट होत होता. ती थांबली नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत घासत राहिली. सावलीला वाळून जेन खाली आली तेव्हा ती सगळीच्या सगळी करडी, सुंदर दिसत होती, चौकोन कुठे होता ते सांगता आलं नसतं, आणि लोकरीला पावडरीतल्या लिंबाचा वास येत होता. हॉलच्या भिंतींपर्यंत ती आता पोचत नव्हती.

बिराप्पा भिंतीला हात लावत आत आला. जेनेच्या कडेला पाय लागला तसा थबकला, आणि पाय मागे घेतला, चुकून कुणाच्या अंथरुणावर पडला तसा. मग कडेच्या उघड्या फरशीवर, भिंतीला टेकून बसला. जगदेवीने भाकरीचं ताट आणलं. तो ताटाकडे वळला, अदबीने हात जोडले आणि म्हणाला, "नगं बाई. पोट भरल्यालं हाय. घोटभर पाणी मिळंल का?"

"अप्पा, मी जगू."

"व्हय बाई, व्हय," तो समजुतीने म्हणाला. पाणी वरून प्यायला आणि तांब्या तिच्याकडे सरकवला.

तिने त्याचा हात धरून त्याला जेनेवर बसवलं. त्याने तळहाताने चाचपलं, बोटं नाकाशी नेली आणि परत हळूच फरशीवर सरकला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अनिलकुमारने समजावलं, भरवून बघितलं, म्हातारा तोंड मिटून, हात जोडून बसे, आणि फार आग्रह झाला की म्हणे, "मालक, आमी कुणाच्या घरी खात न्हाई. रीत हाय आमची." गुळाचा खडा आणि पाणी, एवढ्यावर तो दिवस काढू लागला. गालफडं आत गेली. सुनीलकुमारचा फोन आला, त्याने पलीकडून विचारलं, "दवाखान्यात दाखवू का म्हनतीस?" आणि जगदेवीला काय सांगावं कळेना, की तुझ्या बहिणीने तुझ्या बापाच्या पायाखालची जमीन कढत पाण्याने धुवून टाकली, ह्याला दवाखान्यात काय आहे. तिला नागरत्नाचा राग आला नाही, त्या खिडकीवालीचाही नाही. स्वतःचा आला. नागरत्ना तर येऊन बघून गेली आणि म्हणाली, "किती छान निघालं अक्का! कसं केलात?"

एकदा मात्र, सकाळी, तो आपण होऊन जेनेपाशी सरकला. लोकरीवर अंगठा दाबला, तर्जनीवर घासून बघितलं. "अजून न्हाई आलं," स्वतःशीच म्हणाला. जगदेवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो वाट बघत होता. त्याने सांगितलं होतं की तेल परत येतं, आणि तो मुकाट्याने, कुणाला दोष न देता वाट बघत होता. तिला तिथे उभं राहवेना. तिने चपला घातल्या, नागरत्नाला म्हणाली जरा अप्पांकडे लक्ष ठेवा, आणि रिक्षा करून हुमनाबाद रोडला गेली. रिंग रोडच्या पलीकडे तूर काढलेल्या एका रानात मेंढरं बसलेली तिने बसमधून पाहिली होती. ती अजून तिथेच होती. मेंढक्याचं नाव माणिकप्पा, निर्णा गावाकडचा, बिराप्पाहून बराच तरुण. त्याने शहरातली साडी नेसलेल्या बाईकडे बघून काठी खाली ठेवली. तिने लोकर मागितली तर त्याला खरं वाटेना. "लोकर? लोकर कोण घिऊलालंय आता? कातरून काट्याला टाकायलोय आमी." मग म्हणाला, "कुणाची गं तू?"

"बिराप्पाची. संतपूरच्या."

हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की दोन मेंढरांनी माना वर केल्या. माणिकप्पाने आणखी काही विचारलं नाही. नुकतीच कातरलेली, न धुतलेली, काड्याकुसळांची लोकर त्याने पोत्यात कोंबून दिली. रिक्षावाल्याने नाक दाबलं आणि ती पोतं मांडीवर घेऊन बसून राहिली.

अप्पाने पिल्लांना केलं तेच तिला करायचं होतं. दुपारभर गुडघ्यांवर बसून तिने ती लोकर जेनेवर चोळली, कडेपासून कडेपर्यंत, मुठीने दाबून, रगडून. तिचे तळहात चिकट झाले, कोपरापर्यंत वास चढला. केसांची बट तोंडावर येत होती ती तिने त्याच हातांनी मागे सारली. संध्याकाळची पोरं आली तर त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं. मग जाऊन भाकरी टाकल्या आणि खिडक्या लावून घेतल्या, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

ऊन उतरलं. बिराप्पा भिंतीला हात लावत आला. उंबऱ्यापाशीच थांबला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. जगदेवी श्वास धरून उभी होती. तो पुढे आला, पायाने कड चाचपली, आणि बसला. जेनेच्या मधोमध, मांडी घालून, पूर्वी बसे तसा. तळहात फिरवला. अंगठा तर्जनीवर घासला.

"आलं?" तिने विचारलं.

"आलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका निवळला की तिला वाटलं, संपलं, सुटलो. ती ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. तो अजून हुंगत होता. बोटं नाकाशी नेली, जरा विचारात पडला, परत नेली.

"पर ही आमची न्हाईत," तो म्हणाला. "कुणाचा तळ हाय ह्यो?"

जगदेवीच्या हातात भाकरीचा तुकडा होता. खरं सांगितलं तर काय होईल, हे तिने इतके दिवस बघितलं होतं. हात जोडले जातील आणि घोटभर पाणी मागितलं जाईल. त्याची गालफडं तिच्यासमोर होती.

"माणिकप्पाचा," ती म्हणाली.

"निर्ण्याकडच्या?"

"व्हय."

"मंग खायला काय हरकत हाय? मेंढक्याचीच भाकर." त्याने ताट जवळ ओढलं आणि तो खायला लागला. भुकेल्या माणसासारखा, भराभर, चटणीला भाकर लावून. जगदेवी बघत राहिली. किती दिवसांनी त्याच्या जबड्याची ती हालचाल ती बघत होती. अर्धी भाकर पोटात गेल्यावर त्याने मान वर केली आणि तिच्या दिशेने पाहिलं.

"तू माणिकप्पाची लेक व्हय?"

जगदेवीने पाहिलं. त्याचा हात घासासकट मध्येच थांबला होता, उत्तराची वाट बघत.

"व्हय," ती म्हणाली.

हात तोंडाशी गेला. "मलाबी एक हाय," तो खाता खाता सांगू लागला, "तुझ्यावानीच. जगदेवी नाव. लई शिकल्याली हाय. गुलबर्ग्याला दिलीया. तिच्याकडंच निघालोय मी. तिच्या घरी खायचं न्हाई आपल्याला, म्हणून हितंच पोटभर खाऊन घेतो."

"ती वाट बघत आसंल," जगदेवी म्हणाली.

"बघत आसंल की. लई जीव हाय तिचा." त्याने रिकामा हात पुढे केला. "लांब हाय का गं अजून?"

"न्हाई अप्पा. आता लांब न्हाई," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी भाकर मोडून तिने त्याच्या हातावर ठेवली.